कैलावरचं बांडगूळ

विश्वनाथकाकांची नजर पार गेली, तेव्हा त्यांनी मयुराला रामदासपेठेतल्या घरी बोलावून घेतलं आणि एक कागदी पाकीट तिच्या हाती ठेवलं. आत कैलाची, म्हणजे हिमालयातल्या पाइनची, वाळकी डहाळी होती. तिच्या सालीतून तांदळाच्या कणीएवढे कोंब बाहेर आले होते. ते बांडगूळ. बाकी सगळं सालीच्या आत राहून झाडाचा रस शोषणारं.

हीच डहाळी तोडताना, अडतीस वर्षांपूर्वी, मयुराचे वडील देवराव कुल्लूकडच्या एका उतारावर झाडावरून पडून वारले होते. मयुरा तेव्हा तीन वर्षांची. देवराव आणि विश्वनाथ एकाच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. हे बांडगूळ नवीन जातीचं आहे, त्याला देवरावचं नाव द्यायचं, असं काकांनी तेव्हाच मयुराच्या आईला, इंदूबाईंना, सांगितलं होतं. पण ते पुन्हा डोंगरात गेले नाहीत, की त्यांनी पाकीट पुन्हा उघडलं नाही. आता ते काम मयुरानं पुरं करायचं होतं. तीही तोच विषय शिकवत होती.

मयुरानं चार दिवस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. काकांनी ज्या लांब देठांवरून जात नवी ठरवली होती, ते देठ नव्हतेच. शेजारशेजारचे दोन कोंब राळेनं चिकटून एक झाले होते. बांडगूळ जुनंच होतं, सगळ्यांना ठाऊक असलेलं.

रविवारी तिनं ते काकांना सांगितलं. नीट पाहिलं का, एवढंच त्यांनी विचारलं. मग त्यांनी खुर्चीचा हात चाचपला.

"तुझ्या बाबानं खालूनच ओळखलं होतं," ते म्हणाले. "म्हणे, हे तेच आहे गा, चल खाली. मी म्हटलं, भिऊन राहिला का? चढ."

घरी आजवर सांगितलं गेलं होतं ते वेगळं. देवराव आपल्या हौसेनं चढले, कोणाचं ऐकेनात.

"आईले काहून नाही सांगितलं, काका?"

"नवीन निघालं असतं, तर सांगितलं असतं."

मयुरा उठली.

महाल भागातल्या घरी इंदूबाई वाटच पाहत होत्या. नाव पक्कं झालं का, असं त्यांनी दारातच विचारलं. खोटं बोलावं असं मयुराच्या मनात येऊन गेलं; पण तिनं सगळं सांगून टाकलं, अगदी 'चढ'पर्यंत.

इंदूबाई ऐकत राहिल्या. डोळ्यांत पाणी नव्हतं.

"हे तू मले सांगायले नव्हतं पाहिजे वं," त्या म्हणाल्या आणि आतल्या खोलीत जाऊन पडल्या.

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. पुढं आठवडाभर मयुराशी कामापुरतंच बोलल्या. काकांचा फोन दोनदा आला. दोघींपैकी कोणीच उचलला नाही.