पाय न टेकलेले पाच दिवस

मित्रांनो, खर्ड्यातल्या एका पडवीत आढ्याला टांगलेली मी एक जुनी सायकल आहे. माझे टायर कधीच फाटले आहेत आणि घंटीत कुंभारीण माशीने घर केले आहे. माझ्याकडे कुणी बघत नाही, आणि खरे सांगायचे तर त्याचे मला काही वाटतही नाही. पण बहात्तरच्या दुष्काळात मी पाच दिवस एकाच रिंगणात फिरले. तेवढे तुम्हाला सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यात नवल काही नाही, सगळ्याच सायकली तिथे जन्मतात. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते पोस्टमन सूर्यभानने मला विकत घेतले तेव्हा. त्याच्याबरोबर अजीज नावाचा दुसरा पोस्टमन काम करी. दोघे मिळून खर्ड्याच्या आसपासच्या गावांत टपाल वाटत. माझे चेनकव्हर फार वाजे, म्हणून लोक म्हणत, पोस्टमन दिसायच्या आधी त्याची सायकल ऐकू येते. मला ते कौतुकच वाटे.

मग पाऊस झाला नाही. माणसे दुष्काळी कामावर खडी फोडू लागली, त्यांना निदान खायला सुकडी मिळे. जनावरांना काही नव्हते. सूर्यभानच्या दावणीला हरण्या आणि पाखऱ्या अशी बैलजोडी होती. त्याची बायको साळूबाई छपरावरचे जुने गवत उपसून त्यांच्यापुढे टाकी. बैल ते हुंगत आणि मान फिरवत.

राहुरीकडे मात्र ऊस उभा होता. तिथे उसाच्या शेंड्यांचे वाढे होते, कडबा होता. विकत आणायची खर्ड्याची ऐपत नव्हती. त्या काळी गावोगाव सायकलवाले येत, मैदानात रिंगण आखत आणि दिवसच्या दिवस न उतरता सायकल चालवत. लोक त्यांना बक्षीस देत. ते आठवून अजीज म्हणाला, "आपन रोज एवढं हिंडतो. तेच राहुरीच्या बाजारात हिंडू. पैसा नगं म्हनू, खर्ड्याच्या जनावरांसाठी पेंढी टाका म्हनू."

सूर्यभान म्हणाला, "दोघं बसू एकाच सायकलवर. लोक बघत्याल तरी."

पण मला कुणी विचारले नाही.

दोघांनी रजा टाकली. पाच दिवस मी थांबायचे नाही आणि दोघांचेही पाय जमिनीला लागायचे नाहीत, असे ठरले. मोह नको म्हणून सूर्यभानने माझे स्टँडही काढून ठेवले. एकजण चालवी. दुसरा कॅरिअरवर बसून झोपे, पडू नये म्हणून चालवणाऱ्याच्या पाठीला उपरण्याने बांधलेला असे. पाळी बदलताना पुढचा सरकून दांडीवर येई, मागचा सीटवर येई, मग दांडीवरचा त्याला धरून मागे जाई, आणि मी चालतच राही. भाकरी चालता चालता, अंघोळ चालता चालता. बाकीचे कसे उरकले असे मुले हमखास विचारतात. ते मी सांगणार नाही.

पहिले दोन दिवस मजा होती. भोंगा वाजे, पोरे मागे धावत, बायका डोक्यावरून पेंढ्या आणून टाकत. रिंगणाशेजारी वैरणीची गंजी चढू लागली. तिसऱ्या दिवसापासून सगळे एकसारखे झाले. तेच लिंबाचे झाड, तीच चहाची टपरी, पुन्हा तेच झाड. सूर्यभानच्या मांड्या सोलल्या होत्या, पण तो कण्हतही नव्हता.

चौथ्या दिवशी वैरण न्यायला खर्ड्याचा ट्रक घेऊन मच्छिंद्र आला. सूर्यभान तेव्हा अजीजच्या पाठीला बांधलेला, गाढ झोपेत होता. मच्छिंद्र आमच्या बाजूने चालत हळूच म्हणाला, "अजीजभाई, सूर्यभानचा हरण्या गेला. सकाळी उठलाच न्हाई."

 अजीजने सूर्यभानला उठवले नाही. त्याची पाळी आली आणि गेली, तरी अजीजच पायडल मारत राहिला. सूर्यभान आपणहून जागा झाला, तेव्हा मान न वळवता अजीज म्हणाला, "हरण्या गेला. मच्छिंद्रसंगं घरी जा. मी एकटा वढतो."

एक फेरी झाली. दुसरी झाली.

"एक उतरला की लोक उठून जात्यात," सूर्यभान म्हणाला. "पाखऱ्या हाय अजून. सरक म्होरं, माझी पाळी हाय."

त्यानंतर त्याने हँडल सोडलेच नाही. त्याच्या पायांत राग नव्हता, दुःख नव्हते, काहीच नव्हते. ते वरखाली होत होते, एवढेच. मला हरण्याचे वाईट वाटायला हवे होते. तेही वाटले नाही.

पाचव्या दिवशी संध्याकाळी हार पडले, टाळ्या पडल्या. दोघांना उचलून ट्रकमध्ये बसवावे लागले. मी वैरणीच्या गंजीवर आडवी पडून खर्ड्याला आले. त्या वैरणीवर गावाची जनावरे पुढच्या पावसापर्यंत तगली, पाखऱ्याही तगला.

घरी आल्यावर सूर्यभान धरत धरत दावणीपाशी गेला. त्याने एक पेंढी सोडली, सवयीने तिचे दोन भाग केले आणि एक भाग हरण्याच्या रिकाम्या खुंट्यापुढे ठेवला. साळूबाईने तो पाखऱ्याकडे सरकवला. सूर्यभान ओट्यावर बसून बघत होता. बसल्या जागी त्याचे पाय अजून वरखाली होत होते.

अजीजने खाली बसून त्याचे दोन्ही गुडघे हातांनी धरले. म्हणाला, "झालं सूर्यभान. टेकव आता पाय."

तेव्हा कुठे त्याला रडू फुटले.

तो पुन्हा माझ्यावर बसला नाही. टपाल त्याने पायीच वाटले. मित्रांनो, न थांबता चालणारा दिसला तर टाळ्या जरूर वाजवा. पण त्याचे गुडघे धरायलाही कुणीतरी जा. आणि तुमच्या घरी सायकल असेल तर तिचे स्टँड जपा. माझे काढले ते पुन्हा बसवलेच नाही. ट्रकमधून उतरवून मला थेट इथे टांगले, आणि माझी चाके अजून जमिनीला टेकलेली नाहीत.