बक्षिशीच्या संध्याकाळी कुठं होतात?

आमच्या नात्यात परदेशाहून आलेल्या मुलाकडं फौजदाराच्या नजरेनं बघतात. याला कारण आनेकल. १९५८ साली एका चुलतबहिणीला जर्मनीहून परतलेलं स्थळ आलं होतं. मुलाकडं ओव्हरकोट होता, बर्फात उभा राहून काढलेला फोटो होता, आणि पंक्तीत वाढणाऱ्याचे तो जर्मनमध्ये, 'डांके' म्हणून, आभार मानत होता. लग्न झाल्यावर कळलं की तो सगळा काळ बेंगळूरजवळच्या आनेकलला मामाच्या तांदळाच्या गिरणीत होता आणि फोटोतलं बर्फ म्हणजे तांदळाचं पीठ. ओव्हरकोट तेवढा खरा निघाला. तो कुणीतरी गिरणीत विसरून गेलं होतं.

म्हणून १९६० साली माझ्या अक्काला, म्हणजे कावेरीला, स्वित्झर्लंडहून परतलेलं स्थळ सांगून आलं तेव्हा आमच्या वडिलांनी, अप्पांनी, पहिल्यांदा विचारलं, ओव्हरकोट आहे का? नव्हता. त्यामुळं संशय कमी व्हायचा तो वाढला. दोन वर्षं स्वित्झर्लंडला राहिला आणि ओव्हरकोट नाही?

मुलाचं नाव पद्माकर सबनीस. मूळचा साताऱ्याचा, आमच्या बेंगळूरात यशवंतपूरच्या पलीकडं एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. कारखान्यानंच आपल्याला यंत्रं शिकायला पाठवलं होतं असं तो सांगायचा. कारखान्यात जाऊन चौकशी करता आली असती. पण तसं करणं म्हणजे अविश्वास दाखवणं, आणि तो आम्हांला घरी बसून दाखवायचा होता.

अक्का मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. तिनं एकच अट घातली. "परदेशी गेला असो नसो, मला स्वल्पसुद्धा फरक पडत नाही. पण गेलो म्हणून सांगितलं आणि गेला नसेल, तर मला हे लग्न नको." असं म्हणून ती आत गेली आणि मोत्याच्या कुड्या घालून बाहेर आली. त्या कुड्या ती फक्त शाळेच्या तपासणीला घालते. एका मुंजीत हा पद्माकर तिच्या समोरच्या पंक्तीत बसला होता आणि दोघांची सार गार होईपर्यंत कशावरून तरी वादावादी झाली होती, हे मला माहीत होतं. तो खरा निघावा असं घरात कुणाला वाटत असेल तर ते तिलाच. आणि ते कुणाला कळू नये असंही तिलाच.

परीक्षक म्हणून अर्थातच बिंदुअण्णा. बिंदुमाधव हे अप्पांचे धाकटे भाऊ. १९३५ साली बॅरिस्टर व्हायला लंडनला गेले आणि तसेच परत आले. पण परत आले ते बोटीनं, आणि गेली पंचवीस वर्षं आमच्या घराण्याची अब्रू त्या बोटीवर तरंगत होती.

"लंडन पुस्तकातून पाठ करता येतं," बिंदुअण्णा आदल्या दिवशी म्हणाले. "बर्फ पिठाचं करता येतं. पण बोटीवर बक्षिशी कुणाला, किती, केव्हा द्यायची हे कुठं छापलेलं नसतं. जो लुटला गेलाय त्यालाच ते ठाऊक असतं. मी तेवढंच विचारणार."

रविवारी पद्माकर आला. बरोबर त्याची मावशी, हेमलताबाई, पुण्याहून मुद्दाम आलेली. अम्मानं, "स्वल्प उप्पीट घ्या," म्हटल्याबरोबर मावशींनी चष्मा पुसला.

"तुम्ही मराठीच ना?"

"तीनशे वर्षांपासून," अप्पा ताठ होऊन म्हणाले. "शहाजीराजांबरोबर आलो."

"तीनशे वर्षं! आणि अजून शिकताय?"

अशा रीतीनं दोन्ही बाजूंनी संशयाला सुरुवात झाली. बिंदुअण्णांनी घसा साफ केला.

"काय पद्माकरराव, बोट कुठली होती?"

"जाताना इंग्रज. येताना इटालियन."

बिंदुअण्णांची एक भुवई हलली. त्यांनी फक्त इंग्रज बोटीची तयारी केली होती. "सरी, ठीक आहे. इंग्रज बोटीवर बक्षिशी कुणाकुणाला द्यावी लागते?"

पद्माकरनं चमचा खाली ठेवला. "हे लग्नाच्या संदर्भात आहे का?"

"सगळंच लग्नाच्या संदर्भात असतं."

"केबिनच्या स्टुअर्डला. जेवायच्या टेबलावरच्या स्टुअर्डला. डेकवर खुर्ची लावून देतो, त्याला आधीच थोडी, नाहीतर खुर्ची उन्हात येते. आणि आंघोळीच्या खोल्यांवर एक माणूस असतो, त्याला."

"आणि कप्तानाला?"

"कप्तानाला कोण देतं? त्याला गुड मॉर्निंग म्हणतात."

हा सापळा होता. आनेकलच्या माणसानं कप्तानालाच सगळ्यांत जास्त दिली असती. अप्पांनी माझ्याकडं बघून मान हलवली. मी अक्काकडं बघितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून कधीच पुसून झालेला पेला पुसत होती.

"केव्हा देतात?"

"शेवटच्या संध्याकाळी. सगळे स्टुअर्ड आपापल्या दाराशी उभे असतात. मागत काही नाहीत. नुसते उभे असतात." इतकं बोलून पद्माकरनं रुमालानं कपाळ पुसलं. जानेवारीचा महिना होता, बेंगळूरला लोक स्वेटर घालून भाजी आणत होते, आणि या माणसाला घाम कशाचा? मी ते मनात नोंदवून ठेवलं.

"बरोबर! इंग्रज मागत नाही, बघतो." बिंदुअण्णांना राहवलं नाही. "मी अख्खा एक पौंड काढून हातावर ठेवला. त्या माणसानं सलाम ठोकला आणि म्हणाला, सर, आपण राजघराण्यातले का?" ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. आत अम्माचे ओठसुद्धा हलत होते. "आता इटालियन बोटीचं सांगा."

"तिथं बक्षिशी बिलातच धरलेली असते."

"म्हणजे द्यावी लागत नाही?" अप्पांनी आशेनं विचारलं.

"लागते ना. वेटर सांगतो की बिलातली कंपनी खाते. कंपनी सांगते की वेटरला मिळते. म्हणून वेगळी द्यायची. कमी दिली तर वेटर आईची तब्येत विचारतो."

"कुणाच्या?"

"आपल्या. असा मुलगा पोटी येऊन ती बिचारी कशी आहे, म्हणून."

सगळ्यांनी बिंदुअण्णांकडं बघितलं. बिंदुअण्णा म्हणाले, "हं."

"बरोबर की चूक?" मावशींनी विचारलं.

"इटालियन हा विषय मी घेतला नव्हता."

"जपानी बोटीवर तर उलटंच," पद्माकर आता रंगात आला होता. "आमच्या कारखान्यातला एक जण कोबेहून आला. त्यानं टेबलावर नाणी ठेवली तर वेटर धावत मागं आला, साहेब, तुमचे पैसे राहिले. मग त्यानं उतरताना ती उशीखाली लपवली. ती पाकिटात घालून टपालानं कारखान्यात आली."

"हे मात्र मला खोटं वाटतं," अप्पा म्हणाले. "मिळालेले पैसे कोण परत करतं?"

तेवढ्यात हेमलतामावशी पुढं सरकल्या. "आता आम्ही एक विचारू? तुम्ही केबिनवाल्याला पौंड दिलात. मग आंघोळवाल्याला काय दिलंत हो?"

बिंदुअण्णांनी उप्पिटाचा मोठा घास घेतला. तो सावकाश चावून म्हणाले, "आंघोळवाला... आमच्या बोटीवर नव्हता."

"आत्ताच तर बरोबर म्हणालात! की तुमच्या बोटीवर कुणी आंघोळच करत नव्हतं?"

अप्पांचा चेहरा बघवत नव्हता. पंचवीस वर्षांच्या बोटीत पाणी शिरताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मुलाला तपासायला बसलो होतो आणि काकाच हातातून निसटायला लागले होते.

अशा वेळी अक्का कॉफी घेऊन बाहेर आली. तिनं पेले सगळ्यांपुढं ठेवले आणि रिकामं ताट हातातच धरलं.

"मी एक विचारू?" तिनं सरळ पद्माकरला विचारलं. "इतका वेळ तुम्ही 'देतात', 'द्यायची', 'द्यावी लागते' असं सांगताय. 'मी दिली' असं एकदाही म्हणाला नाहीत. येतानाच्या बोटीवर, बक्षिशीच्या संध्याकाळी, तुम्ही कुठं होतात?"

पद्माकर आधी लाल झाला, मग पांढरा. मावशी म्हणाल्या, "सांग की रे. गप्प का?"

मला आनेकलची गिरणी दिसायला लागली. अक्काला पण दिसत असणार, कारण तिनं ताट छातीशी धरलं.

"बाथरूममध्ये," तो म्हणाला.

"बरं नव्हतं?"

"बरा होतो. लपलो होतो."

अप्पा त्याच्याकडं वाकून बघायला लागले, म्हणून त्याला पुढं सांगावं लागलं. "सरकार हातखर्चाला परकीय चलन देतं ते मोजकंच. बक्षिशीचे मी वेगळे ठेवले होते. पण पोर्ट सैदला एक जादूगार बोटीवर चढला. 'गली-गली-गली' म्हणत आला आणि माझ्या कोटाच्या खिशातून कोंबडीचं पिल्लू काढलं. आणि त्याचे पैसे घेतले."

"पिल्लू तुमच्या खिशातलं, आणि पैसे त्याला?" अप्पा.

"हो. मग दुसऱ्या खिशातून दुसरं काढलं. माझ्या कोटाला पाच खिसे आहेत."

"मग?"

"मग शेवटच्या संध्याकाळी जाऊन टबात बसलो. सूट, टाय, बूट."

"बूट कशाला?" मावशी.

"सकाळी मुंबई येणार होती. तर आंघोळवाला बाहेरून म्हणाला, सिन्योर, गरम की गार? गप्प बसलो असतो तर त्यानं दार उघडलं असतं. म्हणून गरम म्हटलं. गरम म्हटल्यावर नळ सोडावा लागला. बाहेर आवाज नको का जायला?"

बिंदुअण्णा खुर्चीतून उठले. त्यांचा आवाज बदलला होता. "साबण मागितलास का?"

"नाही."

"मग वाचलास! मी मागितला रे! समुद्राच्या पाण्याचा साबण वेगळा असतो, साध्याला फेस येत नाही. आणि साबण मागितला की तो द्यायला माणूस आत येतो. आणि आत आला की..."

ते थांबले. फार उशिरा थांबले.

"बिंदू," अप्पा हळूच म्हणाले. "पौंड तू कुणाला दिलास?"

"आंघोळवाल्याला. कुणाला सांगू नको म्हणून." बिंदुअण्णा खाली बसले. "सलाम ठोकला हे खरं आहे. राजघराण्याचंही त्यानं खरंच विचारलं. फक्त मी तेव्हा पाण्यात होतो."

आतून अम्मा म्हणाली, "अगं बाई! मला वाटलं होतं डेकवर."

"म्हणजे दोघंही बोटीवर होते!" अप्पांनी टेबलावर थाप मारली. त्यांना घराण्याची अब्रू बुडाली याचं दुःख करावं की ती बुडून ओली का होईना हाती लागली याचा आनंद, हे ठरवता येत नव्हतं.

"होतेच की," मावशी म्हणाल्या. "असलं कोण बनवून सांगेल? बनवायचंच तर मनुष्य चांगलं बनवतो."

पण अक्कानं ताट अजून खाली ठेवलं नव्हतं. "आणि तुमच्या केबिनचा तो माणूस? तो दाराशी उभाच राहिला?"

"म्हातारा होता," पद्माकर म्हणाला. "मला अळणी खाववत नाही म्हणून मुदपाकखान्यातून मिरची चोरून आणायचा. सकाळी मी ओल्या सुटात बाहेर आलो, तर माझी बॅग घेऊन तोच उभा. कुठं होतात म्हणून विचारलं नाही. आईची तब्येतही विचारली नाही. मी त्याचा पत्ता मागून घेतला. तेव्हापासून पैसे पाठवायला बघतोय."

"तेव्हापासून?" अप्पांचा संशय परत जागा झाला. "मनिऑर्डर करायला इतका वेळ?"

"परदेशी पाठवायला परवानगी लागते. पहिल्या अर्जाला उत्तर आलं, माल कोणता आयात केला ते कळवा. मी लिहिलं, मिरची. तर मिरचीच्या आयातीला बंदी आहे, खुलासा करा, म्हणून आलं. खुलासा केला. आता मिरची जप्त करायला ती कुठं आहे ते विचारतायत."

"कुठं आहे म्हणून सांगितलंत?"

"खाल्ली म्हणून."

"आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिता?" अक्कानं विचारलं.

"कृतज्ञता."

अक्कानं डोळे मिटले. फळ्यावर गणित निम्म्यात चुकलेल्या मुलीकडं बघून मिटते तसे. मग ताट टेबलावर ठेवलं आणि खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात मुलीनं अशी खुर्ची ओढायची नसते. अम्मानं आतून पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"कृतज्ञतेला परकीय चलन कोण देईल? त्याचा रकानाच नसतो. 'कपडे धुलाई' लिहा. 'बोटीवरील धुलाईचे राहिलेले देणे.' सूट भिजला होता ना?"

"भिजला होता. पण धुतला नव्हता कुणी."

"भिजला होता ना? मग स्वल्प खरंच आहे. मिरचीचं नाव पुन्हा काढू नका."

हेमलतामावशींनी चष्मा पुन्हा पुसला आणि सकाळपासून आम्ही पद्माकरकडं बघत होतो तसं त्या अक्काकडं बघायला लागल्या. "हिला हे सगळं कसं ठाऊक?"

"शाळेला नकाशे हवे होते," अक्का म्हणाली. "'भूगोल' लिहिलं तर मिळेनात. 'भिंतीची दुरुस्ती' लिहिलं. पुढच्या आठवड्यात आले."

पद्माकरनं खिशातून पेन काढलं होतं. लिहायला कागद नव्हता म्हणून मी त्याला वर्तमानपत्राचा कोपरा फाडून दिला. त्यानं 'धुलाई' लिहिलं, खाली रेघ मारली, आणि मान वर न करता विचारलं, "मग... आपलं...?"

"एकट्याचा अर्ज पडून राहतो," अक्का म्हणाली. तिचे कान कुड्यांसकट लाल झाले होते. "खाली पत्नीचीही सही जोडा. दोन सह्या बघितल्या की कारकून घाबरतो."

पद्माकरनं तेही लिहून घेतलं. निम्म्यात थांबला. मग वर बघितलं.

"अगं, पण हो की नाही?" अप्पा ओरडले. "मला कुणीतरी नीट सांगा!"

आत अम्मा साखरेचा डबा उघडत होती.