पदराला पुसलेलं पान

कमलाक्षीबाईंचं म्हणणं अगदी सरळ होतं. विड्याची पानं नळाखाली खळखळून धुवायची, मग त्यांत फवारणीचं विष शोधायचं, आणि सापडलं नाही की खूश व्हायचं, ही कसली तपासणी? "अहो, पान धुऊन कोण खातं? पदराला पुसायचं नि तोंडात टाकायचं! तसंच तपासा की," असं म्हणत त्यांनी तंजावूरच्या आपल्या प्रयोगशाळेत साहेबांचं, सीतारामरावांचं, डोकं खाल्लं. शेवटी ते वैतागून म्हणाले, "करा बाई तुमच्या मनासारखं!"

बाईंना काय आनंद झाला! बाजारातली पानं घेतली, घरचीही चार घातली. घरची म्हणजे तिरुवैयारूच्या पानमळ्यातली, खास मागवलेली. मुलगी हरिता बाळंतपणाला आली होती ना! जेवण झालं की बाई स्वतः पान पुसून, चुना लावून, विडा करून तिला भरवायच्या. दूध चांगलं येतं म्हणे.

विष सगळ्याच पानांत निघालं. घरच्यांत सर्वांत जास्त.

विडा त्या दिवसापासून बंद झाला. मग त्यांनी हरिताचं दूध तपासायला घेतलं. पानं तपासायची रीत दुधाला चालेना, ती पुन्हा बसवावी लागली. कधी नव्हे ते बाई देवाला म्हणाल्या, माझी रीत चुकू दे. चुकली नाही मेली. दुधातही होतं, थोडंसं, पण होतं.

"एवढं तान्ह्या बाळाला चालतं का?" त्यांनी विचारलं.

सीतारामरावांनी पुस्तकं चाळली. पानाची मर्यादा होती, गाईच्या दुधाची होती. "आईच्या दुधाची कुणी ठरवलेलीच नाही, बाई," ते हळूच म्हणाले. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "दूध तोडू नका, त्यानं जास्त नुकसान होईल." बाळाला काही होणार नाही ना, असं विचारल्यावर मात्र "बाळाला दाखवायला आणा" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बाई घरी आल्या तेव्हा नात टाहो फोडत होती. हरिता तिला मांडीवर घेऊन दाराकडे डोळे लावून बसलेली. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं एवढंच विचारलं, "अम्मा, मग पाजू की नको?"

जन्मभर विष मोजत आलेल्या बाईला एवढंही सांगता येऊ नये! त्यांना स्वतःचाच संताप आला, रडू आलं.

"पाज," त्या म्हणाल्या.

नात लगेच गप्प झाली नि चुटूचुटू पिऊ लागली. तो आवाज बाईंना ऐकवेना, आणि तिथून उठवेनाही.