शून्यावर आणलेला काटा

मोठे साहेब, मला तुम्ही बिघडवलंत. टाळ्यांसाठी बिघडवलंत आणि टाळ्या थांबल्यावर मागे वळूनही पाहिलं नाहीत.

मित्रांनो, साहेबांना माझं ऐकू येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतलं एक जुनं यंत्र आहे. मला दोन जबडे आहेत, एक वर, एक खाली. त्यांत लोखंडाचा तुकडा धरायचा आणि तो तुटेपर्यंत ओढायचा, हे माझं काम. समोर घंगाळाएवढी तबकडी आहे. तिच्यावरचा काटा सांगतो, तुकड्यानं किती जोर सोसला.

मला आणलं तेव्हा दार चौकटीसकट काढावं लागलं होतं. आधी माझ्याकडे फक्त इथले विद्यार्थी यायचे. पुढे प्रयोगशाळेला एक शहाणे प्रमुख मिळाले. ते म्हणाले, "विद्यापीठ लोकांचं आहे, तर यंत्रही लोकांच्या कामी येऊ दे." तेव्हापासून दारं उघडली. सकाळी छोट्या कारखान्यांचे लोक यायचे, कुणी बोल्ट घेऊन, कुणी लिफ्टच्या दोराची तार घेऊन. दुपारी शाळा यायच्या. मुलांसमोर बारीक सळई तोडायची आणि तुटलेला तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवायचा, अशी इथली पद्धत. तुटताना लोखंड तापतं, मित्रांनो. तो गरम तुकडा हातात आला की सगळा वर्ग किंचाळायचा. मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मला चालवतात त्या प्रयोगशाळेच्या ताई. सकाळी आल्या की आधी माझी तबकडी पुसणार, मग स्वतःचा चष्मा. लोक म्हणायचे, "ताईंच्या यंत्राचा आकडा म्हणजे दगडावरची रेघ."

मग आला तो खुला दिवस, कुणीही येऊन यंत्रं पाहावीत असा. पाहुणे खुर्च्यांवर, मुलं जमिनीवर. ताईंनी नेहमीची सळई लावली. मोठे साहेब, म्हणजे शाळा आणि कारखान्यांसाठीच्या विस्तार विभागाचे प्रमुख, पुढे आले.

"ही काडी कसली लावलीत? धडाम आवाज झाला पाहिजे. ती जाड लावा."

"साहेब, ती याच्या कुवतीबाहेरची आहे."

"अहो, एवढं मोठं धूड आहे ते. एकदा ओढून काय मरतंय?"

ताईंनी पाहुण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जाड सळई लावली. काटा माझ्या कुवतीच्या तांबड्या रेघेपलीकडे गेला आणि टोकाच्या खुंटीवर आदळला. सळई तुटली. धडाम! पाहुणे खुर्चीतून उडाले, मग हसले, मग टाळ्या. तेवढ्यात माझ्या तबकडीमागची पितळी नळी कायमची ताणली गेली. तिच्यावरच तर काटा चालतो. तो शून्यावर परत येईना.

"स्क्रू पिळा, आणा शून्यावर. पुढचा वर्ग बाहेर उभा आहे," साहेब म्हणाले.

ताईंनी स्क्रू पिळला. काटा शून्यावर आला. पण शून्यावर आलेला काटा खरा असतोच असं नाही, मित्रांनो. तो नुसता सरळ उभा असतो.

पुढच्या वर्गात एक मुलगी होती. तिला सगळे 'शंका' म्हणत. तिनं हात वर केला. "ताई, हा काटा खरं सांगतो, हे तुम्हाला कसं कळतं?"

सगळे खदखदून हसले. "शंके, सरक पुढे," शिक्षक म्हणाले. ताई मात्र हसल्या नाहीत.

वर्ग गेल्यावर त्यांनी कपाटातून एक सळई काढली. तिची ताकद आधीच नीट मोजलेली होती. ती माझ्या जबड्यात तुटली आणि मी आकडा दाखवला, खऱ्यापेक्षा बराच जास्त. मला खरं तेवढंच दाखवायचं होतं हो! पण नळी ताणलेली असली की मन काय कामाचं? ताईंनी माझ्या गळ्यात 'बंद आहे' अशी पाटी अडकवली.

साहेबांनी ती काढली. "बंद? कारखानदारांचा मेळावा तोंडावर आलाय. तपासणीवाले आले की हे खोलून ठेवतील. मेळावा होऊ दे, मग बघू."

आज सकाळी साखळीवाले काका आले. खांद्यावर पिशवी, पिशवीत कड्या.

"ताई, शाळेच्या झोपाळ्यांच्या साखळ्या आहेत. या खेपेला लोखंड नव्या ठिकाणचं आहे, म्हणून धाकधूक आहे. तुमचा आकडा मिळाला की मी सुटलो."

"काका, थांबावं लागेल. यंत्राला बरं नाही."

"का, ताप आलाय?"

"ज्यानं ताप मोजायचा, तेच बिघडलंय."

काका हसले, मग ताईंचा चेहरा पाहून त्यांनी पिशवी खाली ठेवली. "अहो, पण साहेब तर म्हणाले, ठणठणीत आहे! तिकडे शाळेत झोपाळ्यांचे खांब उभे राहिलेत. पोरं रोज कुंपणाला लोंबकळतात. त्यातली एक तर फटकळ आहे. मलाच विचारते, साखळी तुटणार नाही कशावरून? तुमच्याकडे येऊन गेलेत ते सगळे, खुल्या दिवशी."

ताईंनी पिशवीतली एक कडी हातात घेऊन फिरवून पाहिली. "काका, टांगू नका," एवढंच म्हणाल्या.

मग साहेब आले. "तुम्हाला जमत नसेल तर उद्या दुसरा माणूस लावतो. मेळाव्यात सगळ्यांसमोर हीच साखळी तोडू. शाळाही आपली, कारखानाही आपला. झकास दिसेल."

कड्या आता माझ्यासमोर टेबलावर पडल्या आहेत. त्या मजबूत असतील, नसतीलही. मला माहीत नाही, आणि याचीच मला भीती वाटते. उद्या कुणीतरी बटण दाबेल आणि मी कच्च्या कडीलाही पक्की म्हणेन. लोक विश्वास ठेवतील, कारण इतकी वर्षं मी खोटं बोललो नाही.

मित्रांनो, यंत्राचं तेलपाणी करा, पुसा, रंग द्या. पण आधी त्याला विचारा, तू खरं सांगतोस ना? ते बोलत नाही, म्हणून तपासून पाहा. ताई हेच सांगत आहेत, आणि त्यांनाच बाजूला केलं जातंय.

मोठे साहेब, मेळाव्यातली भाषणं राहू द्या. कड्या टेबलावर आहेत, खांब मैदानात आहेत, आणि ती पोर कुंपणाला लोंबकळत वाट पाहतेय. झोपाळ्यावर पहिली तीच बसणार. तिनं विचारलंय तेवढंच सांगा.

साखळी तुटणार नाही कशावरून?