ठोकळा आधी काढायचा

मी एक जुनी पिस्ता रंगाची मोटार आहे, आणि मित्रांनो, मला चटकन कोणाचे खरे वाटत नाही. म्हणून तो शेवटचा साधा दिवस मी जसा घडला तसाच सांगते. त्यात मी माझ्या पदरचे काही घातलेले नाही.

त्या दिवशी बाबा आणि त्यांची मुलगी चष्म्याच्या दुकानात गेले होते. चालवत ती होती. बाबा शेजारी बसून रस्त्यापेक्षा तिच्या पायांकडे जास्त पाहत होते.

"क्लचवरून पाय काढ. तो काही पाट नाही पाय टेकायला."

"बाबा, मी वीस वर्षं गाडी चालवतेय."

"दुसऱ्या गाड्या."

ती हसली नाही. सकाळपासूनची ही अकरावी की बारावी सूचना होती. घरी आल्यावर तिने मला शेडमध्ये घातले, इंजिन बंद केले आणि हाताच्या सवयीने हँडब्रेक पार वरपर्यंत ओढला. सात टकटक मी मोजल्या.

बाबा तोपर्यंत उतरून, एक गुडघा टेकून, माझ्या मागच्या डाव्या चाकामागे लाकडी ठोकळा सरकवत होते. तिथूनच त्यांनी विचारले, "हँडब्रेक नाही ना ओढलास?"

"नाही," ती म्हणाली.

मला वाटले, आता ते उठून आत डोकावतील. मी असते तर डोकावले असते. त्यांनी माझ्या डिकीवर दोनदा थोपटले आणि म्हणाले, "शहाणी आहे." हे ते मला म्हणाले की तिला, याविषयी मी अजून साशंक आहे. चहा झाला की हळूच येऊन ब्रेक सोडू, असे तिच्या मनात असावे. पण तिची परतीची बस लवकर आली.

माझा हा संशयी स्वभाव जन्माचाच आहे. कारखान्यात एक तपासनीस माझ्या प्रत्येक सांध्यावर बोट फिरवून बघायचा आणि ठीक वाटले तरी खडूने फुली मारायचा. माझ्या पहिल्या मालकाने बाबांना मला विकताना छातीवर हात ठेवून सांगितले होते, "ब्रेक एकदम लोण्यासारखे." दमट हवेचा पहिलाच आठवडा आला आणि माझी मागची चाके जागच्या जागी चिकटली. ब्रेकच्या डब्यांना आतून गंज धरतो आणि हँडब्रेक ओढलेला असला तर आतले लायनर तिथेच चिकटून बसतात. माझे हे दुखणे जुने आहे.

बाबा नोकरीत नकाशे काढायचे. त्यांनी आधी शेडच्या उताराचे माप घेतले, मग कागदावर ठोकळ्याचे चित्र काढले आणि मग लाकूड कापले. तेव्हापासून घरात नियम झाला. गाडी गिअरमध्ये ठेवायची, चाकामागे ठोकळा लावायचा, हँडब्रेकला हात लावायचा नाही. निघताना ठोकळा आधी काढायचा आणि मगच माझे दार उघडायचे. बाबा तो मांडीवर घेऊनच आत बसत, बाळाला घ्यावे तसा. अठ्ठावीस वर्षांत हा क्रम एकदाही चुकला नाही. शेजारी म्हणत, अशी निगा माणसांचीही कोणी राखत नाही. मला ती स्तुती वाटायची. मुलीला टोमणा वाटत असावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा मुलगा आला तेव्हा ते घरात दाराजवळच्या खुर्चीत बसलेले होते. पायांत बूट, खिशात माझी चावी. श्वास नव्हता.

नंतर शेडच्या दारात उभे राहून मुलगा बहिणीला म्हणाला, "ताई, चावी खिशात होती. बरं वाटत नव्हतं म्हणून डॉक्टरकडे निघाले असणार. ही हललीच नसेल."

मुलीने माझ्याकडे असे पाहिले की मी समजले. तिला माझा संशय नव्हता, हँडब्रेक ओढणाऱ्या स्वतःच्या हाताचा होता. त्या सकाळी माझ्या दाराला कोणाचाही हात लागला नव्हता. चावी तर बाबा झोपतानाही उशाशी ठेवत. पण मला विचारतो कोण?

अकरा महिने तिने शेड उघडू दिली नाही. माझ्यावर धूळ बसली, बॅटरी मेली, टायर बसके झाले. मग घर रिकामे करायचा दिवस आला. मुलाने भंगारवाल्याशी बोलून ठेवले होते. मी हलले नाही, तर संध्याकाळी तो मला साखळीने ओढून नेणार होता. मुलीने माझ्या जुन्या मेस्त्रींना बोलावले.

मेस्त्री हातोडा घेऊन आले. हातोडा घेऊन येणाऱ्यावर मी कधीच विश्वास ठेवत नाही. त्यांनी पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावले, आत वाकून पाहिले आणि थबकले.

"हँडब्रेक कुणी ओढला? साहेब तर हात लावायचे नाहीत."

"बाबांनीच ओढला असेल," मुलगा म्हणाला. "शेवटी शेवटी विसरायचे."

"साहेब? मी मागच्या वर्षी हवा भरताना एक झाकण लावायचं विसरलो, तर दोन किलोमीटर चालत आले होते सांगायला."

मुलगी बाहेर पाहत राहिली.

मेस्त्रींनी दांडा खाली केला. चाके तशीच जाम. त्यांनी खाली सरपटून केबलला तेल सोडले, मग ठोकळा काढायला हात घातला. निघेना. टायर त्याच्यावर बसून चपटा झाला होता, आणि टायरपासून ठोकळ्यापर्यंत कोळ्याचे दाट जाळे होते. शेवटी मेस्त्रींनी तो ठोकून बाहेर काढला. खालची फरशी मात्र लख्ख निघाली, बाकी शेडभर बोटभर धूळ.

"घ्या, ताई. लावल्यापासून हलला नाहीये हा. साहेबांनी शेवटचा लावला तो तसाच."

तिने ठोकळा हातात घेतला. मग ती त्या स्वच्छ चौकोनाकडे बराच वेळ पाहत राहिली. ठोकळा आधी काढायचा. तो काढलेला नव्हता. म्हणजे बाबा माझ्यापर्यंत आलेच नव्हते. मला जे अकरा महिने सांगता आले नाही, ते त्या लाकडाने सांगितले.

मेस्त्रींनी एकेक चाक उतरवून डब्यावर कडेकडेने हातोडा मारला. डाव्या चाकातून कट् असा आवाज आला आणि ते सुटले. उजवे हट्टी निघाले. मग टायरांत हवा भरून, पुढचे दगड काढून आणि दुसरी बॅटरी जोडून त्यांनी मुलीला आत बसवले. "पहिला गिअर, मग रिव्हर्स. झुलवा तिला. दामटू नका." तिने क्लच दाबला, सोडला, आणि पाय लगेच बाजूला घेतला. चौथ्या झोक्याला माझे उजवे चाक सुटले आणि मी उजेडात आले.

मित्रांनो, जुनी गाडी फार दिवस उभी ठेवायची असेल, तर हँडब्रेक ओढून ठेवू नका. गिअरमध्ये ठेवा, ठोकळा लावा, आणि अधूनमधून कोणीतरी येऊन चार पावले चालवा. उभ्या जागी सगळेच चिकटते.

मुलगा हसत खिडकीशी आला. "सुटली एकदाची. बाबांच्या एका विसरण्यापायी केवढा हा खटाटोप."

तिच्या मांडीवर ठोकळा होता. ती शेजारच्या रिकाम्या सीटकडे पाहत होती.

"बाबा विसरले नव्हते," ती म्हणाली. "मी ओढला होता. त्यांनी मला विचारलं, आणि मी नाही म्हणाले."