चांगुणाबाईंचं सोयाबीन

...सुरळीच्या टोकातून एक मूळ बाहेर आलं होतं. पांढरं, दोऱ्यासारखं, शेवटाशी जरासं तपकिरी. काल सुरळी उघडली असती तर आज ते असं दिसलंच नसतं. दीपमालाने ओल्या कागदाची ती सुरळी ट्रेमध्ये आडवी केली आणि रबर काढलं.

बियाणे कंपनीच्या उगवण तपासणीतलं काम तसं साधं. ओल्या कागदात दाणे गुंडाळायचे, ठरल्या दिवशी उघडायचे, धड रोपं एकीकडे, अधू रोपं दुसरीकडे. ठरला दिवस काल होता. काल जेवणानंतर ती जरा वेळ मोबाइल घेऊन टेकली—कुणीतरी काळाकुट्ट गालिचा धूत होतं, मग कुठल्याशा देशातल्या गारा, मग अंघोळ करणारी म्हैस, मग वेळेचं नियोजन शिकवणारा एक चष्मेवाला. तो तिने नंतर नीट पाहू म्हणून सेव्हही केला—आणि मान वर केली तेव्हा बाहेर कंपनीची बस हॉर्न देत होती. उद्या सकाळी आधी हेच, असं तिने ठरवलं. ठरवल्याने काम निम्मं झाल्यासारखं वाटलं, आणि बसमध्ये ती पुन्हा...

मुळं कागदात घुसून एकमेकांत गुंतली होती. तिने एक हलकेच ओढलं. तुटलं.

"दीपमालाताई, पिंपळगावच्या लॉटचं काय?" तपासणीचे प्रमुख कल्याण सर दारातूनच म्हणाले.

"करून राह्यले, सर."

"जल्दी करा. चांगुणाबाईचा फोन आल्ता. म्हणे, माझ्या मटकीला दोन दिवसांत मोड येतात, तुमच्या हापिसात थंडी पडली का काय?"

दीपमाला हसली. मग विचारलं, "रिटेस्ट लावायची म्हटलं तर?"

"मंग आठवडा गेला. गाडी परवा चालली पिंपळगावला, त्यानंतर आपली खरेदी बंद. बाईचं सगळं तेलाच्या गिरणीत जाईल. का, बुरशी हाय का?"

"न्हाई. सहज विचारलं."

"मंग बराबर." सर पुढे गेले.

चांगुणाबाईंनी कंपनीच्या बियाण्यासाठी अख्खा हंगाम पिंपळगावचा सोयाबीनचा प्लॉट राखला होता, दुसऱ्या वाणाचं एकेक झाड हाताने उपटून. ते बियाणं आहे की नुसतं धान्य, हे या ट्रेवर ठरणार होतं. आणि ट्रेवर होती तुटकी रोपं—मुळात अधू होती, की आत्ता आपल्या बोटांनी तुटली? पहिलं तिने अधूत टाकलं. दुसरं धडमध्ये. तिसरं बाईंची आठवण होऊन धडमध्ये. मग तिच्या लक्षात आलं, ती प्रत्येकाकडे क्षणभर पाहून अंगठ्याने वर सरकवत होती.

तिने हात काढून घेतला.

सरांना सांगता येईल, काल विसरले. माणूस विसरतं, सर दोन शब्द बोलतील, संपेल... पण ती विसरली कुठे होती? गालिचा धुतला जात होता तेव्हा सुरळ्या तिला ठाऊक होत्या. गारांच्या खाली होत्या, म्हशीच्या मागे होत्या. मी विसरले नव्हते. विसरणं एकदा घडतं आणि घडून जातं. हे तिने दर वेळी नव्याने केलं होतं, बोटाच्या प्रत्येक हालचालीला, जाणूनबुजून. आजवर ती स्वतःला धांदरट समजत आली होती, आणि तो शब्द किती मऊ होता हे तिला आता कळत होतं.

पॅसेजमध्ये परत येणाऱ्या सरांची चप्पल वाजली. एक मूळ तिच्या चिमटीत होतं, अजून अखंड. ते तिने ओढलं नाही, सोडलंही नाही.