मिरच्यांची धुनी

करडी गावात रोवणा, धानाची लावणी, सुरू होता. हातात परे, धानाची कोवळी रोपं, घेऊन बायांची रांग चिखलात वाकलेली. मध्ये एक जागा रिकामी.

ती रुखमाची.

"तिनं परे हातात धरू नाही," सासरे भय्याजी बांधावरून ओरडले होते. "मरून आलेली बाई हाये. धान जळन."

मरून आलेली! झालं होतं ते एवढंच. उन्हाळ्यात जमिनीवर झोपलेल्या रुखमाला मण्यार, विषारी साप, चावली. अंग लुळं पडलं, पापण्या मिटल्या, श्वास बंद पडू लागला. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात गळ्याला भोक पाडून नळी घातली, यंत्रानं श्वास दिला. ती वाचली. घरी आली.

आता ती आडवी होत नाही, भिंतीला टेकून बसते. लोहाराचा भाता त्या यंत्रासारखा फुसफुसताना ऐकला की गळा धरते. घास हातात घेऊन रडते. असं सोसून आलेलं कोणीही रडेल. यात भूत कुठे आहे?

भूत घरच्यांना हवं होतं. कारण एके सकाळी रुखमा नवऱ्याला, घनश्यामला, म्हणाली, "दवाखान्यात तुम्ही म्हटलं, नाकातली सोन्याची फुली काढून घ्या. अन् तुमच्या बाबानं म्हटलं, धुरपताचं पाहू, सालभर थांबाचं काही काम नाही."

धुरपता रुखमाची धाकटी बहीण, लग्नाची.

घनश्यामचा चेहरा उतरला. "तुले कोणं सांगतलं?"

"कोण सांगन? मी आयकत होती. डोळे उघडत नव्हते. कान उघडे होते."

मण्यारीचं विष बोटही हलू देत नाही, पण माणूस आत जागा असतो. डॉक्टरांनी हे सांगितलं होतं. लक्षात कोण ठेवणार? लाज वाटून घेण्यापेक्षा भूत मानणं सोपं. मेलेल्या बाईला कळलंच कसं? म्हणजे ही रुखमा नाही!

मांत्रिक आला.

भरदुपार. दार बंद. शेगडीवर सुक्या मिरच्या.

"कोण हायेस? नाव सांग!"

"रुखमा."

"खोटं! वाकवा तिले."

घनश्यामनं मान दाबली. नवऱ्यानं. एका श्वासासाठी झुंजलेलं ते तोंड, धुरात.

खोकत खोकत तिनं कोपऱ्यात उभ्या सासूकडे, कुंताबाईकडे, पाहिलं.

"आत्याबाई... तुम्ही माहा पाय धरून बसल्या होत्या. कोणी नव्हतं तवा म्हटलं, रुखमा, जाऊ नोको वो, या घरात माह्याशी बोलणारं दुसरं कोणी नाही. मी त्या आवाजालेच धरून होती."

कुंताबाईनं हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

"पाहा!" मांत्रिक खूश झाला. "भूतच बोलून राहिलं!"

"भूत असन तुह्या घरी!" कुंताबाईनं भरली घागर शेगडीवर ओतली. घरभर राख, वाफ. तिनं घनश्यामचा हात हिसडला, दार उघडलं.

"तुह्यावरबी चढलं का वो?" भय्याजी गरजले.

"चढलं! उशिरा चढलं."

दुसऱ्या दिवशी दोघी धानाच्या बांधीवर गेल्या. रांगेतल्या सत्यभामाबाईनं मान वर केली. "किती दिवस वाट पाहाची वो बाई? वाकता येत नसन तं बांधावर बसून परे दे."

रुखमा बसली. मध्येच श्वास अडखळला, हात गळ्याकडे गेला. कुंताबाईनं चिखलाच्या हातानं तिचा पाय धरला. "हाये मी. दे परे."

दवाखान्यातून परतलेलं माणूस तुमच्याही गल्लीत असेल. जा, त्याचं दार ठोठावा. आणि आतून मिरच्यांचा वास आला, तर ठोठावत बसू नका, दार ढकलून आत शिरा.